कागदावरची बाहुली बोलू लागेपर्यंत

लहान मुलांसाठी बाहुल्यांचा कार्यक्रम करायचं ठरलं की बहुतेक जण आधी चेहरा काढायला बसतात. मोठाले डोळे, गोबरे गाल, डोक्यावर दोन वेण्या. चित्र गोड दिसतं, सगळ्यांना आवडतं, त्यावरून बाहुली शिवून होते आणि पहिल्या चित्रीकरणाला लक्षात येतं की या बाहुलीला करण्यासारखं काहीच नाही. ती ‘बालमित्रांनो, नमस्कार’ म्हणते, मान डोलावते आणि पुढचं वाक्य कुणीतरी सांगेल याची वाट पाहत बसते.

बालवाडीच्या ताई, शाळेतले शिक्षक, स्थानिक वाहिनीसाठी किंवा यूट्यूबसाठी मुलांचं काही करू पाहणारी तरुण मंडळी, अशांसाठी हा लेख आहे. कच्च्या रेखाटनापासून पात्रापर्यंतचा रस्ता दाखवायला मी मुख्यतः एकच कार्यक्रम घेतला आहे, अमेरिकेतला ‘सेसमी स्ट्रीट’. तो १० नोव्हेंबर १९६९ रोजी सुरू झाला. त्यातल्या बाहुल्या जिम हेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या. आज जगभर ओळखीची असलेली ही पात्रं पहिल्या वर्षी कशी होती आणि पुढे कशी झाली हे पाहिलं तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. चित्राने सुरुवात करून दिली, पण पात्र घडलं ते हातावर आणि मुलांसमोर. म्हणून पहिलं चित्र जीव लावून काढा, मात्र त्यालाच शेवटचं समजू नका.

सुरुवातीला एकट्या पात्राचं चित्र काढू नका, दोघांचं काढा. अर्नी आणि बर्ट ही जोडी नीट न्याहाळली की याचं कारण कळतं. अर्नीचं डोकं आडवं, पसरट. बर्टचं उभं, लांबुळकं. अर्नीच्या अंगातल्या कपड्यावरचे पट्टे आडवे, बर्टच्या कपड्यावरचे उभे. अर्नीला भुवयाच नाहीत. बर्टच्या दोन्ही भुवया जुळून कपाळावर एकच जाड काळी रेघ झाली आहे. एकही संवाद ऐकण्याआधी मुलाला कळतं की यातला एक मोकळाढाकळा आहे आणि दुसरा शिस्तीचा, चटकन वैतागणारा. फरक चेहऱ्यावर थांबत नाही. अर्नीच्या बाह्यांत बाहुलीकारांचे खरे हात असतात. मुख्य बाहुलीकार डोकं आणि डावा हात सांभाळतो, दुसरा जण उजवा हात. त्यामुळे अर्नी वस्तू उचलतो, टाळ्या वाजवतो, आपलं रबरी बदक घट्ट धरतो. बर्टचे हात बारीक काड्यांवर चालतात, म्हणून त्याच्या हालचाली मोजक्या आणि ताठ. बाहुली कशी बांधायची हे ठरलं तेव्हाच निम्मा स्वभाव ठरून गेला.

तुम्हीही कागदाच्या मधोमध एक उभी रेघ मारा आणि दोन बाजूंना दोन पात्रं काढा. एकाला जे दिलं ते दुसऱ्याला द्यायचं नाही, असा नियम करा. एक उंच तर दुसरं बसकं, एकाचे केस सपाट तर दुसऱ्याचे विस्कटलेले. मग दोघांमध्ये एकच वस्तू ठेवा, छत्री म्हणा, पेरू म्हणा. त्या वस्तूचं ती दोघं काय करतील याची चार-पाच झटपट चित्रं काढा. इथे हात अडखळला तर समजा की तुमच्याकडे दोन चेहरे आहेत, दोन स्वभाव अजून सापडलेले नाहीत. मग चेहरे सुधारत बसू नका, पुन्हा विचाराला लागा.

विचार कशाचा करायचा? कामाचा. या पात्राला कार्यक्रमात काम काय, हा प्रश्न चेहऱ्याच्या आधी यायला हवा. ‘सेसमी स्ट्रीट’ प्रसारित होण्यापूर्वी, जुलै १९६९ मध्ये, त्याचे तासाभराचे पाच चाचणी भाग फिलाडेल्फियातल्या लहान मुलांना दाखवले गेले. तेव्हाच्या मानसशास्त्रज्ञ सल्लागारांचं म्हणणं असं होतं की कल्पनेतली पात्रं आणि खरी माणसं एकत्र दाखवली तर मुलांचा गोंधळ उडेल. म्हणून बाहुल्यांचे प्रसंग वेगळे आणि कार्यक्रम जिथे घडतो त्या गल्लीतल्या माणसांचे प्रसंग वेगळे ठेवले होते. चाचणीचा निकाल लख्ख होता. बाहुल्या आल्या की मुलं पडद्याकडे पाहायची आणि गल्लीतली माणसं बोलू लागली की त्यांची नजर इकडेतिकडे जायची. कार्यक्रमाचा सगळा डोलारा तर त्या गल्लीवरच उभा होता. निर्मात्यांनी तज्ज्ञांचा सल्ला बाजूला ठेवला आणि गल्लीत माणसांच्या सोबत राहू शकतील अशा बाहुल्या हेन्सन यांच्याकडे मागितल्या. त्यातून बिग बर्ड आणि ऑस्कर आले.

माझ्या मते मुलांच्या दूरचित्रवाणीच्या इतिहासात याहून चांगला धडा नाही. दोन्ही पात्रं एका अडचणीवरचा उपाय म्हणून जन्मली, आणि ती अडचण त्यांच्या अंगात भिनलेली दिसते. माणसांमध्ये वावरायचं म्हणून बिग बर्ड हा पक्षी चालता-फिरता, आठ फूट दोन इंच उंचीचा. ऑस्करला गल्लीत कायमची जागा हवी म्हणून त्याचं घर कचऱ्याच्या डब्यात. झाकण उघडून तो कुठल्याही संवादात डोकं घालू शकतो. एकाला सगळ्याचं कुतूहल, दुसऱ्याचा सगळ्याला विरोध. बघणाऱ्या मुलाला आपल्यापेक्षा थोडं कमी कळणारं कुणीतरी मिळालं आणि आपल्याला मोठ्यांसमोर म्हणता येत नाही ते ‘नाही’ ठणकावून म्हणणारंही कुणीतरी मिळालं.

तुमच्या वहीत प्रत्येक रेखाटनाखाली दोन प्रश्नांची उत्तरं लिहा. हे पात्र काढून टाकलं तर कार्यक्रमात नेमकं काय अडेल? आणि याला काय जमत नाही? दुसऱ्या प्रश्नाला मी जास्त महत्त्व देईन. आपल्याकडे मुलांसाठी पात्र करताना ते हुशार, नीटनेटकं, मोठ्यांचं ऐकणारं करण्याची फार हौस असते. अशा पात्राकडे गोष्टच नसते. ज्याला बुटाची नाडी बांधता येत नाही, जे अंधाराला घाबरतं, ज्याला आपली पाळी येईपर्यंत धीर धरवत नाही, त्याच्याकडे पुढच्या कित्येक भागांचं साहित्य तयार असतं. उणीव मात्र मुलांच्या जगातली हवी. विसराळूपणा हा आजोबांचा विनोद आहे. चार वर्षांच्या मुलाला त्याचं फारसं काही वाटत नाही.

आता कागदाचं काम. पहिली चित्रं आगपेटीच्या आकाराची काढा आणि भरपूर काढा. त्यात डोळे-नाक नको, नुसता बाह्याकार काळ्या पेनाने भरून टाका. एवढ्याशा काळ्या आकारावरून पात्र ओळखू आलं तरच ते मोबाइलच्या पडद्यावर ओळखू येईल. निवडलेला आकार मग प्रत्यक्ष मापाचा काढा आणि त्यात स्वतःच्या हाताची आकृती बसवा. कोपरापासून बोटांपर्यंत हात कागदावर ठेवून कड गिरवली की झालं. अंगठा खालच्या जबड्यात आणि चार बोटं वरच्या जबड्यात नीट बसतात का, मनगट जिथे वाकतं तिथेच बाहुलीची मान येते का, हे कागदावरच पाहून घ्या. हा टप्पा गाळला की सुंदर चित्रावरून शिवलेली बाहुली मान खाली घालू शकत नाही, आणि मान खाली घालता न येणाऱ्या बाहुलीला दुःखी होता येत नाही.

त्यानंतर त्याच चेहऱ्याची चार चित्रं काढा: तोंड मिटलेलं, तोंड उघडं, वर बघणारा, खाली बघणारा. बाहुलीच्या चेहऱ्यावर भाव बदलत नाहीत. एकच चेहरा वेगवेगळ्या कोनांतून दिसतो. म्हणून कागदावर रुंद हसू कोरून ठेवू नका. कायमचं हसणारी बाहुली रडण्याच्या प्रसंगात भेसूर दिसते. तोंडाची रेषा शक्य तितकी सरळ ठेवा. हसणं आणि रुसणं मनगटावर सोपवा.

डोळ्यांवर सगळ्यात जास्त वेळ द्या. हेन्सन यांच्या बाहुल्या बांधणारे डॉन साहलिन डोळे सगळ्यात शेवटी बसवत आणि त्या वेळी हेन्सन यांना शेजारी बोलावून घेत. डोळे, नाक आणि तोंड यांचा जो त्रिकोण होतो, त्यावर बाहुलीची नजर ठरते, असं साहलिन यांचं म्हणणं होतं. बुबुळं किंचित आत, नाकाच्या बाजूला सरकवली की बाहुली समोरच्या वस्तूकडे खरोखर पाहते असं वाटतं. अगदी मधोमध ठेवली तर ती आरपार पाहते. काळ्या कागदाची बुबुळं कापा, डोळ्यांवर नुसती ठेवा, मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहा, केसभर सरकवा, पुन्हा पाहा. मनासारखी नजर मिळाल्यावरच चिकटवा. आपल्याकडचे बाहुलीकार रामदास पाध्ये यांची कामं या दृष्टीने पुन्हा बघा. वडिलांकडून आलेला अर्धवटराव आणि ‘झपाटलेला’ (१९९३) मधला तात्या विंचू, दोघंही त्यांच्याच हातावर बोलले. एकाच्या चेहऱ्याकडे पाहून हसू येतं, दुसऱ्याच्या चेहऱ्याने भीती वाटते. भुवयांचा कल, डोळ्यांचा ताण, जबड्याची ठेवण यांतून ते कसं साधलं आहे, याची पेन्सिलीने नक्कल करून पाहा. मुलांसाठी काय टाळायचं तेही त्यातच कळेल.

सामानाची काळजी करू नका. हेन्सन यांनी त्यांचा प्रसिद्ध बेडूक कर्मिट १९५५ साली पहिल्यांदा केला तो आईच्या जुन्या कोटाच्या कापडातून आणि टेबलटेनिसच्या चेंडूच्या दोन अर्धकांतून. तेव्हा तो बेडूकही नव्हता, सरड्यासारखा कुठलासा जीव होता. पायांचे पंजे आणि गळ्याभोवतीचा टोकदार पट्टा बऱ्याच वर्षांनी आला. गादीवाल्याकडचा स्पंज, जुना स्वेटर, फ्लीसचं कापड आणि गोंद एवढ्यावर पहिली चाचणी बाहुली होते. ती चाचणीचीच ठेवा. महागडं फरचं कापड आणू नका, कारण पुढचे काही आठवडे तुम्ही तिला कापणार, उसवणार आणि पुन्हा शिवणार आहात.

हे उसवणं-शिवणं किती दूरपर्यंत जाऊ शकतं, ते पाहा. ऑस्कर पहिल्या हंगामात नारिंगी होता, दुसऱ्यात हिरवा झाला. ग्रोव्हर आधी हिरवट तपकिरी होता. निळा रंग, ‘ग्रोव्हर’ हे नाव आणि मदतीला धावून सगळं बिघडवण्याचा स्वभाव मागाहून आला. कुकी मॉन्स्टरचं मूळ तर जाहिरातीत आहे. १९६६ साली एका खारवलेल्या खाऊच्या जाहिरातीसाठी हेन्सन यांनी खाऊ पळवणारा दातेरी राक्षस काढला होता. ती जाहिरात प्रसारितच झाली नाही. पुढच्या वर्षी आयबीएम कंपनीच्या एका छोट्या चित्रफितीत त्याच राक्षसाने बोलणारं यंत्र गिळलं. ‘सेसमी स्ट्रीट’वर आला तेव्हा तो एक बिननावाचा खादाड राक्षस होता. दात गेले, बिस्किटांची आवड हळूहळू पक्की झाली आणि नाव तिच्यावरूनच पडलं. सगळं खाणारा राक्षस एका गोष्टीवर जीव टाकू लागला तेव्हा तो मुलांना आपला वाटला. हातातला खाऊ धरणं, तोंडात कोंबणं, चुरा उडवणं हे त्याचं मुख्य काम, म्हणून त्यालाही अर्नीसारखे खरे हात दिलेले आहेत. तुमच्या बाहुलीला खायला घालणार असाल तर तेल-तूप लागलेलं काही देऊ नका. डाग जात नाहीत आणि स्पंज कुजतो. चुरमुरे किंवा कोरडी बिस्किटं बरी.

या पात्रांच्या बदलांतून घ्यायचं ते असं की पहिल्या काही तालमींत पात्राला नाव देण्याची घाई करू नका. बाहुली हातावर घ्या आणि पटकथेशिवाय खोलीभर हिंडू द्या. खिडकीतून बघू द्या, डबा उघडू द्या, कुणाशी तरी भांडू द्या. कोणी तरी एकाने शेजारी बसून वहीत टिपायचं: ती काय करताना सगळे हसले, कुठे कंटाळा आला, कोणतं वाक्य तिच्या तोंडी आपोआप पुन्हा आलं. दोन-तीन तालमींनंतर टिपणं वाचली की स्वभाव दिसू लागतो, आणि तो बहुधा तुमच्या मूळ चित्रातला नसतो. तेव्हा चित्र बदला. जुनं चित्र फाडू नका, तारीख टाकून ठेवा. सोडून दिलेल्या पात्राचं नाक पुढे दुसऱ्याला उपयोगी पडतं.

चित्र काढणारा, बाहुली बांधणारा आणि ती चालवणारा यांच्यात शेवटचा शब्द कुणाचा, यावर मंडळींमध्ये वाद होतात. मी चालवणाऱ्याच्या बाजूने आहे. बिग बर्डचं रेखाटन हेन्सन यांचं, बांधणी कर्मिट लव्ह या कारागिराची, पण तो जिवंत केला कॅरोल स्पिनी यांनी. या पिसांच्या पोशाखात बाहुलीकार उजवा हात डोक्यावर उंच धरून पक्ष्याचं डोकं चालवतो, डावा हात डाव्या पंखात असतो, आणि उजवा पंख मासे पकडायच्या दोरीने डाव्या हाताशी जोडलेला असतो. बाहेरचं काही दिसत नाही. छातीवर बांधलेल्या छोट्या टीव्हीवर पाहून चालायचं. सुरुवातीच्या भागांत बिग बर्ड हा एक भोळसट, खेडवळ, धडपडणारा मोठा पक्षी होता. डोक्यावर पिसंही जेमतेम होती. स्पिनी यांना जाणवलं की हा मोठा नसून लहान मूल आहे, आणि त्यांनी तसं सुचवलं. पुढे तो सहा वर्षांचा ठरला. डोक्यावर पिसं वाढली, प्रश्न वाढले, चुका मुलांच्या झाल्या. गल्लीतला सगळ्यात मोठा देह आणि सगळ्यात कोवळं मन, ही जोड कुठल्याही रेखाटनात नव्हती. पोशाखाच्या आत उभ्या असलेल्या माणसाला ती सापडली.

म्हणून एकच बाहुली निरनिराळ्या हातांवर चढवून पाहा. अर्नी आणि बर्टच्या बाबतीत हेच झालं. आधी हेन्सन यांनी बर्ट आणि त्यांचे सहकारी फ्रँक ऑझ यांनी अर्नी करून पाहिला, जमेना म्हणून अदलाबदल केली आणि जोडी जुळली. याच कार्यक्रमातल्या एल्मोची लाल बाहुली तर कित्येक वर्षं मागच्या गर्दीत होती. निरनिराळ्या बाहुलीकारांनी ती चालवून पाहिली, पण तिला सूर सापडेना. १९८५ मध्ये ती केविन क्लॅश यांच्याकडे आली. त्यांनी आवाज उंच, कोवळा केला आणि हे पात्र सगळ्यांना मिठी मारणारं, माया करणारं असेल असं ठरवलं. बाहुली तीच, कापड तेच. तुमच्या गटात एखादी अबोल मुलगी असेल तर तिच्या हातावर सगळ्यात आगाऊ बाहुली चढवून बघा.

आवाजाविषयी दोनच गोष्टी. तो खऱ्या माणसांकडून घ्या. ऑस्करचाही आवाज स्पिनी यांचाच; तो त्यांना ब्राँक्समधल्या एका टॅक्सीवाल्याच्या बोलण्यावरून सुचला होता. आणि असा आवाज निवडा जो घसा न दुखता तासभर टिकेल. चिरका आवाज पहिल्या दिवशी गमतीचा वाटतो. नंतर बाहुलीकाराचा घसा बसतो आणि मुलांना शब्द कळेनासे होतात.

मराठीत पात्र करताना बोलीचा प्रश्न येतोच. मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी बोलणारं पात्र जरूर करा, पण ते हास्यासाठी ठेवलेलं खुळं पात्र होऊ देऊ नका. वर सांगितलेल्या बिग बर्डमधला खेडवळ भोळेपणा गेला तेव्हाच ते पात्र खुललं, हे लक्षात असू द्या. वऱ्हाडी बोलणारी बाहुली गणितात सगळ्यांत पुढे असू दे, प्रमाण भाषा बोलणारीला झाडावर चढायची भीती वाटू दे. कोणी कुणाला काय म्हणतं हेही आधीच ठरवा. दोन बाहुल्या एकमेकींना ‘ए’ म्हणतील, शेजारच्या आजीला ‘अगं आजी’, तर दुकानदाराला ‘काका’. नातं एकदा ठरलं की संवाद लिहिणाऱ्याचं निम्मं काम होतं. सवड काढून कुडाळजवळच्या पिंगुळीलाही जा. ठाकर समाजाची कळसूत्री बाहुल्यांची परंपरा तिथे परशुराम गंगावणे यांनी जपली; त्यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. दोऱ्यांवरची ती बाहुली ओठ हलवत नाही, तरी तिच्या चालीवरून आणि मानेच्या झटक्यावरून ती कोण हे ओळखता येतं. बोलणाऱ्या बाहुल्या करणाऱ्यांनी हे जरूर पाहावं, कारण आपण तोंडाच्या उघडझापीत इतके गुंततो की चाल विसरतो.

काही पात्रं ठरवून, विशिष्ट हेतूने घडवावी लागतात. ऑगस्ट २००६ मध्ये सुरू झालेल्या ‘गली गली सिम सिम’ या भारतीय आवृत्तीतली चमकी शाळेच्या गणवेशात आहे. मुलींनी शिकावं हे सांगायला तिला भाषण करावं लागत नाही, गणवेश ते काम करतो. मूळ ‘सेसमी स्ट्रीट’मधलं ज्युलिया हे स्वमग्न मुलीचं पात्र आधी २०१५ मध्ये चित्रपुस्तकातून आलं आणि २०१७ मध्ये दूरचित्रवाणीवर बाहुली म्हणून. पुस्तकातल्या चित्राला न पडलेला प्रश्न बाहुली करताना पडला. ज्युलिया उत्तेजित झाली की हात फडफडवते, आणि नेहमीच्या हातांनी ते होत नव्हतं. म्हणून तिला फडफडीसाठी हातांचा वेगळा जोड केला. तिच्या बाहुलीकार स्टेसी गॉर्डन या स्वतः एका स्वमग्न मुलाच्या आई आहेत. तुम्ही अंध, कर्णबधिर किंवा कुबड्या वापरणारं पात्र करणार असाल तर रेखाटनाच्या पहिल्या दिवसापासून अशा मुलांना आणि त्यांच्या पालकांना सोबत घ्या. बाहुली शिवून झाल्यावर मत विचारण्यात अर्थ नाही.

पात्रांभोवतीचं जगही थोडं रेखाटून ठेवा. हेन्सन यांच्याच ‘फ्रॅगल रॉक’साठी (१९८३) मायकेल फ्रिथ यांनी काढलेल्या जगात इवलेसे डूझर मुळ्याच्या भुकटीपासून मनोरे बांधतात आणि फ्रॅगल ते खाऊन टाकतात. एकदा फ्रॅगलना वाईट वाटतं आणि ते खाणं थांबवतात, तर डूझरांना नवं बांधायला जागाच उरत नाही. एका नात्यातून अख्खा भाग निघाला. तुमच्या गल्लीत, वाड्यात, एसटी स्थानकात कोण कुणावर अवलंबून आहे, याच्या बाणांनी भरलेला एक कागद भिंतीवर लावा.

चाचणी मात्र चुकवू नका. ‘सेसमी स्ट्रीट’च्या संशोधनाची बाजू सांभाळणाऱ्या एडवर्ड पामर यांची पद्धत घरीही करता येते. मुलाला एका पडद्यावर तुमचा भाग दाखवायचा आणि शेजारी दुसऱ्या पडद्यावर दर सात-आठ सेकंदांनी बदलणारी चित्रं लावायची: फुगे, गाड्या, प्राणी. मागे बसून दर वेळी टिपायचं, मूल कार्यक्रमाकडे पाहतं आहे की चित्रांकडे. एका वेळी एकच मूल घ्या, पालकांची परवानगी घ्या. पाच-सहा मुलांची टिपणं शेजारी ठेवली की कोणत्या मिनिटाला सगळ्यांची नजर सुटली ते दिसतं. त्या मिनिटाला कोणतं पात्र बोलत होतं, ते पाहा. ‘आवडलं का?’ असं विचारू नका. मुलं भिडेखातर हो म्हणतात. ‘गोष्ट मला सांग’ म्हणा. जे पात्र गोष्टीत येतच नाही, त्याला काम नाही.

पात्र रुळल्यावरही त्याच्याकडे मुलांच्या बाजूने पाहत राहावं लागतं. १९७१ मध्ये आलेला स्नफी हा केसाळ, सोंडेचा प्राणी फक्त बिग बर्डला दिसायचा. मोठी माणसं आली की तो नेमका निघून गेलेला असायचा आणि कुणी बिग बर्डवर विश्वास ठेवत नसे. चौदा वर्षं हा विनोद चालला. पुढे बाललैंगिक अत्याचारांवर उघड बोललं जाऊ लागलं, तेव्हा कार्यक्रमाच्या मंडळींना काळजी वाटली. मोठे आपलं खरं मानत नाहीत, असंच मुलं यातून शिकली तर? नोव्हेंबर १९८५ मध्ये सगळ्या मोठ्यांना स्नफी दिसला. लाडका विनोद सोडून देणं सोपं नसतं, आणि मुलांसाठी काम करणाऱ्याने ते करायची तयारी ठेवलीच पाहिजे. तुमच्या पात्राच्या ठरलेल्या गमतींची यादी करून पाहा: यातली एखादी गंमत घाबरलेल्या, मार खाणाऱ्या मुलाला काय सांगेल?

कॅमेऱ्यापुढे उभं राहण्याआधी तीन सवयी हाताला लावून घ्या. बोलताना अंगठा खाली न्यायचा, वरची बोटं उचलायची नाहीत. नाहीतर प्रत्येक शब्दाला बाहुलीचं डोकं उडतं आणि नजर छताकडे जाते. तोंड अक्षराच्या उच्चाराबरोबर उघडायचं, मिटायचं नाही. ‘आ-ई’ला दोनदा, ‘भा-क-री’ला तीनदा. आणि समोर मॉनिटर ठेवून त्यात बघत सराव करायचा. आरशात डावीकडे नेलेला हात डावीकडेच दिसतो, मॉनिटरमध्ये तो उलट दिसतो. हे डोक्यात बसायला वेळ लागतो, तेवढा द्या.

मग एखाद्या मुलाला बाहुलीशेजारी बसवा आणि पटकथा बाजूला ठेवा. कर्मिटच्या एका जुन्या तुकड्यात एक छोटी मुलगी त्याच्यासोबत अक्षरमाला म्हणते आणि मध्येच अक्षराऐवजी ‘कुकी मॉन्स्टर’ म्हणून खुदुखुदु हसते. कर्मिट चालवणारे हेन्सन चित्रीकरण थांबवत नाहीत. कर्मिट आधी समजावतो, मग वैतागतो, शेवटी उठून जातो आणि तिने लाडाने हाक मारल्यावर परत येतो. गोंधळात नीट काम करू पाहणारा, पटकन रागावणारा आणि पटकन विरघळणारा हा स्वभाव हाताला पूर्ण ठाऊक होता, म्हणून लिहिलेल्या ओळीची गरज पडली नाही. तुमच्याकडे असं चित्रीकरण करताना कॅमेरा सुरूच ठेवायला सांगा. मुलाने खाली वाकून तुमच्याकडे पाहिलं तर त्याच्या नजरेला नजर देऊ नका, बाहुलीकडे बघत राहा. बाहुलीला त्याच्या चपलेबद्दल, खिशातल्या गोट्यांबद्दल काहीतरी विचारू द्या. मूल उत्तर बाहुलीलाच देतं.